पान एक्केचाळीस

बुधवारी दोन ते चार
मी ग्रंथालयात मागच्या टेबलाशी बसते,
संगणक ज्यांना छळतो त्यांच्यासाठी.
जानेवारीत कुह्मोला अडीचलाच अंधारून येतं.

ताइस्तो हेइकुरा आला. बुटांवरचा बर्फ झटकला
आणि पेन ड्राइव्ह पुढ्यात ठेवला
उपटलेला दात ठेवावा तसा.
"पानं घसरतात," म्हणाला.
एवढंच.

बासष्ट पानं. सतरा वसंत
नदीतून ओंडके वाहून नेल्याची हकिकत,
एका बोटाने टाइप केलेली.
प्रत्येक वसंत नव्या पानावर हवा, म्हणून
त्याने एंटर दाबला होता. पुन्हा दाबला. पुन्हा.
रिकामी ओळ रेटत रेटत
पानाच्या काठापर्यंत नेली होती.
आणि आता चौथ्या प्रकरणात
कुत्र्याचं नाव आठवलं, एक वाक्य घातलं,
तर पुढचे तेराही वसंत
भलत्याच ठिकाणी उगवले,
कोणी पानाच्या कमरेला, कोणी तळाशी,
नुसतं शीर्षक, खाली काही नाही.

मी लपलेल्या खुणा दाखवल्या.
पडदाभर करकोचे उतरले,
दलदलीत उतरतात तसे, रांगेने, मान मुडपून.
"हे सगळे मी?"
"हे सगळे तुम्ही."
चष्मा काढून तो बराच वेळ पुसत बसला.

मग सांगितलं: कंट्रोल धरा, एंटर दाबा. एकदाच.
पडद्यावर आडवी तुटक रेघ उमटली.
हिच्या वर काहीही भरा,
खालचं पान आपल्याच माथ्यापासून सुरू होणार.
त्याने काचेवर बोट टेकवलं.
"म्हणजे अडसर.
ओंडके साखळीने जोडून नदीला आडवे बांधायचो आम्ही,
मुखाशी.
मग वरून किती का माल येईना."
हो, म्हटलं. पंधरा वर्षं शिकवतेय,
मला हे सुचलं नव्हतं.

त्यानंतर माउस माझ्या हातात आला नाही.
एकेक करकोचा उडवत गेला, ओठांत मोजत.
कुठे एंटर जास्त होऊन कोरं पान पडलं होतं
ते मिटलं की म्हणे, "वीस सेंट."
छपाईचा दर भिंतीवर लिहिलेला आहे.
चार पानं अशी वाचवली.

मध्येच एक चौकट उघडली गेली.
त्याने मोठ्याने वाचलं: विधवा ओळ, अनाथ ओळ.
मी समजावलं, परिच्छेदातली एखादी ओळ
एकटीच पलीकडच्या पानावर पडू नये,
म्हणून ही खूण. केली की मशीन
तिच्या सोबतीला आणखी एक ओळ पाठवतं.
"आइलीच्या वेळी गावात
अशी खूण करायला कोणी नव्हतं," म्हणाला,
आणि खूण केली.
आइली कोण, मी विचारलं नाही.

मग चाळिसावं पान. शेवटची ओळ:
लाउरी आकडी घेऊन पलीकडच्या ओंडक्यावर गेला.
त्याखाली करकोचेच करकोचे,
एक अख्खं पान भरून.
आणि बेचाळिसाव्यावर:
पुढच्या वर्षी बर्फ लवकर फुटला.

मी सवयीने पुसायला लागले.
"ते नको."
"कोरं आहे, ताइस्तो. वीस सेंट."
"माहीत आहे."

करकोचे तेवढे काढले.
दोन अडसर घातले, एकापाठोपाठ एक,
मध्ये पाणी.
"हलणार नाही?"
"वर आणखी कुत्री आठवली तरी
दोहोंच्या मध्ये काही शिरणार नाही."
"आणि आकडा?"
मला वाटलं, काढायचा असेल.
"राहू दे," म्हणाला. "एक्केचाळीस. राहू दे."

छापायला सहा मिनिटं लागली.
प्रिंटर त्या पानाशी थांबला नाही,
तो कुठल्याच पानाशी थांबत नाही.
अठ्ठावन्न पानं, अकरा युरो साठ.
त्याने बारा दिले,
गठ्ठा टेबलावर आपटून कडा जुळवल्या
आणि उरलेल्या चाळीस सेंटसाठी
हात पुढे करून उभा राहिला.